दर्शनी भिंतीवरची बाई

बबलूनं नव्या घराचं चित्र मोबाइलवर दाखवलं, तेव्हा पुंजारामानं आधी चौकशी केली ती कुत्र्याची.

"हे कुत्रं कुणाचं हाय?"

"आबा, कुत्रं सोडा, घर बघा."

"घरच बघून राह्यलो. घरापुढं कुत्रं हाय, आन् त्याला धरून ही पॅन्टीतली बाई उभी हाय. कोण हाय ही? आपल्याकडं राहणार हाय का?"

"ती कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममधली माणसं असतेत. घर केवढं हाय ते कळावं म्हणून उभी करतेत."

पुंजाराम म्हणाला, बरं. केदारखेड्यात घर केवढं आहे हे कळायला आजवर कुणाला पॅन्टीतली बाई लागली नव्हती. पण काळ पुढं गेला होता. चित्रात तर तो फारच पुढं गेला होता. घरापुढं हिरवळ होती, ताडाची झाडं होती, लाल मोटार होती, आणि आभाळ असं निळंशार की त्यात विजेची एक तारसुद्धा नव्हती. खरं पाहता त्या जागी गावाची विजेची डीपी होती, आणि तिच्या कुंपणाला बारा महिने कुणाची ना कुणाची शेळी बांधलेली असे. शेळीवरूनही घराचा अंदाज आला असता. पण शेळीनं शो येत नाही.

'शो' हा बबलूचा शब्द. त्याचं भोकरदनला खताचं दुकान होतं, आणि दुकानात युरियापेक्षा घरांच्या गोष्टी जास्त खपायच्या. कुणी खांब कसे घेतले, कुणी कठडा कसा केला, कुणाच्या गेटवर सिंह बसले. पुंजारामाची बायको दैवशाला हयात होती तेव्हा घराचं फक्त जोतं झालं होतं. चार खोल्या, स्वयंपाकघराला मोठी खिडकी, वर गच्ची, एवढंच ठरलेलं. मागच्या आखाडात ती तीन दिवसांच्या तापात गेली, काम थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं ते बबलूच्या हातात. चार खोल्या चारच राहिल्या. वाढलं ते घराचं तोंड. त्याला तोंड म्हणायची लाज वाटते म्हणून सगळे एलिव्हेशन म्हणत.

पुंजारामाला नक्षीतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि ते तो लपवतही नव्हता. खांबांच्या डोक्यावर पानांचा गुच्छ होता, त्याला तो कोबीचा गड्डा म्हणाला. गच्चीच्या कठड्याला फुगीर दांड्यांची रांग होती, ते मुगदल. छताखालच्या पट्टीत चौकोनी ठोकळे होते, ते दात. खिडक्यांच्या वर दोन्ही बाजूंनी गोल वळसे आले होते, त्या जिलब्या.

"एवढ्या जिलब्या कामून?"

"शो येतो, आबा."

"आन् कोबी?"

"त्यानंबी शो येतो."

"मंग घरात राहायचं कुणी?"

बबलू हसला. त्याचं खरं दाखवायचं अजून राहिलं होतं. त्यानं बोटानं चित्र मोठं केलं. दरवाजाच्या बरोबर वर, जिलब्यांच्या मधोमध, एक मोठं गोल होतं. गोलाला पानांची किनार, आणि आत एका बाईचा चेहरा, खांद्यापर्यंत, भिंतीतून वर उठून आलेला.

"आई," बबलू म्हणाला. आवाज जरा खाली आला होता त्याचा. "वर्षश्राद्धाच्या आधी बसवायचं हाय. फाईल जालन्याला जाती, तिथं मशीनवर साचा कापतेत, मंग ओततेत. तुम्ही एकदा ओके म्हणा म्हंजे चित्र काढणारी मॅडम पाठवते."

पुंजारामानं पाहिलं. बाई छान होती. नाक सरळ, ओठांवर बेताचं हसू, गळ्यात ठुशी, पदर चापून-चोपून खांद्याला पिन लावलेला. कुणाच्याही घरावर शोभली असती.

"बघू," तो म्हणाला.

सून संध्या चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "मामा, बघू काय त्यात? किती तेज आलंय आत्याबाईंना."

तेज आलं होतं हे खरंच. दैवशालेच्या तोंडावर तेज येण्यासारखं उभ्या जन्मात कुणी काही केलं नव्हतं, ते काम आता प्रोग्रॅमनं केलं होतं. पण पुंजारामाची अडचण वेगळी होती. ही ती नव्हे एवढं त्याला पक्कं कळत होतं. मग ती कशी होती, हे काही सांगता येत नव्हतं. आणि सांगता येत नसेल तर नाही म्हणायचं कुठल्या तोंडानं?

तो पुढचे काही दिवस 'बघू'वरच बसून राहिला. बबलू रोज विचारायचा, हा रोज बघू म्हणायचा. संध्याला वाटलं, म्हाताऱ्याला खर्चाचं दुखतंय.

मग हसनाबादला एका तेराव्याला जावं लागलं. गिरिजाबाई म्हणून लांबच्या नात्यातली म्हातारी, पिकलं पान, गेली. मांडवाच्या तोंडाशी श्रद्धांजलीचा फ्लेक्स होता, आणि पुंजाराम त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला तो हललाच नाही. गिरिजाबाईचं तोंड सुकलेलं, दातांविना आत गेलेलं, होतं तसं. पण गळ्याखाली ती एकदम चाळिशीची होती. भरल्या अंगाची, जांभळ्या साडीची, गळ्यात ठुशी, पदराला पिन.

ती साडी त्याच्या ओळखीची होती. दैवशालेच्या फ्लेक्सवर तीच होती. तो फ्लेक्स गावात महिनाभर लटकत होता, आणि तेव्हा त्याला वाटलं होतं की संध्यानं सासूच्या पेटीतून कुठली तरी ठेवणीतली साडी शोधून फोटोवाल्याला दाखवली असेल.

शेजारी गिरिजाबाईचा पुतण्या उभा होता. पुंजारामानं विचारलं, "हा फ्लेक्स कुठी केल्ता?"

"भोकरदनला, स्टँडजवळ. लई जल्दी करून देतो. त्याच्याकडं सगळं तयार असतं, आपण फक्त मुंडकं न्यायचं."

"म्हंजे अंग त्याचं?"

"अंग त्याचं. बायांचं एकच हाय. बाप्यांचे दोन हायत, फेट्याचं आन् टोपीचं."

"बायांचं एकच कामून?"

पुतण्यानं जरा विचार केला. "कुणी तक्रार केली नसंल," तो म्हणाला.

तालुक्यात वर्षभरात गेलेल्या सगळ्या बायका एकाच अंगानं वर गेल्या होत्या, आणि आता तेच अंग सिमेंटचं होऊन पुंजारामाच्या दारावर कायमचं बसणार होतं. तो जेवला, बुंदी चांगली झाली होती असं चार माणसांसारखं म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं भोकरदनला गेला.

बबलूची मॅडम म्हणजे ख्वाजामियाँ मिस्त्रीची मुलगी नाहिद. बाप घरं बांधायचा, मुलगी डिप्लोमा करून घरं काढायची. बँकेच्या वरच्या मजल्यावर तिची एक खोली होती, तीत एक मोठा स्क्रीन, आणि भिंतीवर तिनं काढलेल्या बंगल्यांची चित्रं. पुंजारामानं एक नजर फिरवली. झाडून सगळ्या बंगल्यांपुढं तेच कुत्रं होतं.

"आओ काका, बसा. बबलूभाऊ न्हाई आले?"

"त्याला सांगितलं न्हाई. माय, ते गोलातलं उघड बरं."

नाहिदनं उघडलं. स्क्रीनवर ती बाई मोबाइलपेक्षा पुष्कळच मोठी झाली. तेजही त्या मानानं वाढलं.

"हे अंग फ्लेक्सवाल्याचं हाय," पुंजाराम म्हणाला.

नाहिदनं मूळ फोटो उघडला. मग म्हणाली, "भाऊंनी हाच फोटो दिल्ता. मोठा असा हाच होता. आधारचा होता एक, पण त्यात खाली धुकं दिसतं."

"अंग काढ."

तिनं बटण दाबलं. बाई गळ्याखाली नाहीशी झाली. इतक्या सहज की पुंजारामाला फ्लेक्सवाल्याच्या धंद्याचं मर्मच कळलं.

"आता ऱ्हायलं ते तर तिचंच हाय ना?"

नाहिद खुर्चीत जरा हलली. "काका, खरं सांगू का? फोटोवरून उठाव काढला, तवा नाक बराबर येत नव्हतं. चपटं यायचं. म्हणून मी लायब्ररीतलं लावलं."

"लायब्ररी म्हंजे वाचायची?"

"न्हाई, तयार चीजा असतात. खांब, फुलं, मूर्त्या. ओढून आणायच्या आन् बसवायच्या. नाक एका देवीचं हाय. मंदिराच्या कामाची होती."

"आन् केस?"

"केस पण लायब्ररीचे."

"वठ?"

नाहिद खाली बघत म्हणाली, "हसू मी लावलं. भाऊ म्हणाले, आई हसरी पायजे."

पुंजारामानं हिशेब लावला. अंग फ्लेक्सवाल्याचं, नाक देवीचं, केस कुणा परक्याचे, हसू नाहिदचं. उरले कान. ते केसांखाली होते.

त्याला राग यायला हवा होता, पण ती पोरगी इतकी कानकोंडी झाली होती की रागवायला जागाच उरली नाही. तीच म्हणाली, "तुम्ही सांगा काका. नाक कसं होतं? मी तुमच्यासमोर करते. इथं ओढलं की रुंद होतं, इथं ओढलं की लांब. तुम्ही फक्त बराबर आलं की थांब म्हणा."

हे बरं वाटलं त्याला. एवढी वर्षं ज्या नाकासमोर भाकर खाल्ली, ते आलं की ओळखायचं, यात काय अवघड?

नाहिदनं ओढलं. "असं?"

"न्हाई. जरा बसकं."

"असं?"

"एवढं न्हाई."

"हे?"

"हा तर माझा मेव्हणा झाला."

मेव्हणा पुसला. पुन्हा ओढलं. मग सोसायटीचा सचिव आला, मग शाळेतली एक बाई आली, मग कुणीतरी असा आला की ज्याला पुंजारामानं कधीतरी एसटीत पाहिलं असावं. डोळे जवळ घेतले, लांब नेले. हनुवटी वर, हनुवटी खाली. प्रोग्रॅममध्ये सगळं होतं. तालुक्यातल्या कुणाचंही तोंड त्यातून निघालं असतं, आणि निघतही होतं. एक सोडून.

पुंजाराम मिटल्या डोळ्यांनी तिला आठवायला गेला. डोळ्यांपुढं मेव्हणा आला. मग ती देवी आली. दैवशाला यायची ती जागा या नाकांनी भरून गेली होती. अजून दोन-चार नाकं बघितली असती, तर तिची जी काही ओळख त्याच्याकडं शिल्लक होती, तीही इथं या खुर्चीत बसून, पंख्याखाली, स्वतःच्या संमतीनं पुसून टाकली असती.

"बंद कर माय," तो म्हणाला. "जल्दी बंद कर."

नाहिदनं घाबरून माउसवरचा हात झटकला, त्यासरशी स्क्रीनवरची बाई गर्रकन फिरली. समोर आली ती तिची मागची बाजू. तिथं काहीच नव्हतं. नाकाच्या जागी खड्डा, डोळ्यांच्या जागी खड्डे, सगळी आतून पोकळ, मुखवट्यासारखी.

"हे काय झालं?"

"काही न्हाई काका, मागून असंच असतं. भिंतीला चिकटणार ना, मागचं कोण बघतं? मागं काही करतच न्हाई."

पुंजाराम त्या पोकळीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मला मागूनच ठाऊक हाय ती."

"काय?"

"नाकाचं न्हाई सांगता येत. मागून सांग म्हणशील तर सांगतो."

नाहिदला नीट कळलं नाही, म्हणून त्यानं समजावून सांगितलं. कापूस वेचायला दोघं एकदमच लागायचे, पण दैवशालेचा हात चालायचा. हा पाच-सहा झाडं करेपर्यंत ती पुढं गेलेली असायची, आणि ह्यानं दिवसभर तिच्या पाठीकडं बघत वेचायचं. एसटी आली की ती आधी घुसायची, जागा धरायला. बाजारात ती पुढं, हा पिशवी घेऊन मागं. घरात चुलीकडं तोंड करून बसायची, आणि बोलायची तेही वळून न बघता. "मीठ देऊ का म्हणायची, तेबी भिंतीकडं बघून. मी कवा समोर जाऊन बसलो न्हाई आन् ती कवा वळली न्हाई. कुणाला काही कमी पडलं न्हाई त्यात."

नाहिदनं नवी फाईल उघडली. कोरा गोल आला.

"सांगा," ती म्हणाली.

पुंजारामानं सांगायला सुरुवात केली, आणि अडकायचं नावच घेईना. बुचडा खाली, मानेवर टेकलेला, सैल. पदर डोक्यावरून घसरून बुचड्यावर अडकलेला. तिथंच राहायचा, पुढं सरकायचा नाही, मागं पडायचा नाही. मान आखूड. डाव्या हाताचं कोपर बाहेर, कारण तो हात कायम कमरेवर. उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलेला.

"पदराच्या चुण्या किती घेऊ?"

"चुण्या न्हाईत. कोंबायची."

"म्हंजे?"

"कमरंला कोंबायची. जमंल तसा. एक टोक लोंबायचं."

नाहिदला हसू आलं. "कोंबलेला पदर लायब्ररीत न्हाई काका. हातानं करावा लागंल."

"कर. म्या काय घाईत न्हाई."

तिनं हातानं केला. कापड ओढून बघितलं, चुरगाळून बघितलं. पहिल्यांदा ते गोधडीसारखं जाड झालं, मग कागदासारखं कडक. पुंजाराम शेजारी खुर्ची ओढून बसला आणि रानातल्या गड्यावर देखरेख करावी तसा बोट दाखवत राहिला. जरा सैल. इथं फुगा येतो. न्हाई, एवढा न्हाई. खालून चहा आला, निवला, दुसरा आला. नाहिदनं फोन उलटा करून ठेवला. एकदा ती उगाच सवयीनं खांद्यावर पिन लावायला गेली, आणि तिनंच "सॉरी" म्हणून काढली.

तिनं लोंबतं टोक थोडं लांब केलं. पुंजारामानं हात वर केला.

त्याला वाटलं, आता ही भिंतीकडं बघूनच काहीतरी विचारील. त्यानं खिशातली तंबाखूची पुडी काढली, हातात धरली आणि तशीच परत ठेवली.

"ऱ्हाऊ दे आता असंच," तो म्हणाला.

दुपारनंतर बबलू आला. फाईल गेली का विचारायला आला होता. बाप तिथं बसलेला पाहून दारातच थबकला.

"आबा, तुम्ही इकडं कवा आल्ता? घरी सांगायचं ना." मग त्याची नजर स्क्रीनवर गेली. "आन् हे काय?"

"गोलातलं."

"ही पाठ हाय."

"हाय."

"घराच्या तोंडावर पाठ?"

"तोंड तुझं, पाठ तिची," पुंजाराम म्हणाला. "एवढे कोबी लावलेत तोंडाला, एक पाठ खपून जाईल."

बबलूनं नाहिदकडं पाहिलं. नाहिद स्क्रीनचा कोपरा पुसायला लागली. तेवढ्यात संध्याचा फोन आला. आबा सकाळपासून घरी नाहीत म्हणून तिला धास्ती होती. बबलूनं आबा सापडल्याचं सांगितलं आणि कुठं नि कशात सापडले तेही सांगितलं. फोनमधून तिचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला.

"रस्त्याकडं पाठ? लोक म्हणतेल सासू रुसून बसली. वर्षश्राद्धाला माझ्या माहेरची सगळी येणार हायत."

"तिला म्हणावं, रुसली न्हाई," पुंजाराम शांतपणे म्हणाला. "दारावर हाय ना? मंग घरात चालली. बाईमाणूस घरात जाताना तुझ्या माहेरच्यांकडं बघत उलटं चालत जाईल का?"

बबलूनं हे काही पुढं कळवलं नाही. "घरी आल्यावर बोलू," म्हणून त्यानं फोन ठेवला. मग आवाज चढवून, पण स्क्रीनकडं बघतच म्हणाला, "आबा, मी आईचं चांगलं व्हावं म्हणूनच करून राह्यलो. चांगली साडी, ठुशी. जिती असताना न्हाई घालता आली तिला. भिंतीवर तरी घालावी म्हणलं."

यावर पुंजारामाकडं टोमणा नव्हता. तो म्हणाला, "मला ठाऊक हाय ते."

"आन् असं बसवलं तर लोकांना कळंल कसं, कोण हाय?"

"तुला कळलं का?"

बबलूनं भिंतीशी ठेवलेलं स्टूल ओढलं आणि बसला. खाली बँकेच्या दारात कुणीतरी स्कूटरचा हॉर्न वाजवत होतं. बबलू पुढं वाकला, मग मागं झाला, मग पुन्हा वाकला.

"खांदा चुकलाय," तो म्हणाला.

"काय चुकलाय?"

"डावा खाली पायजे. तुम्ही उजवा केलाय."

"उजवाच. वेचायची झोळी उजव्या अंगाला असायची तिची. ओझ्यानं उतरला होता. म्या मागून बघितलाय रोज."

"झोळी असंल. पण मी डाव्या कडेवर असायचो. चांगला मोठा होईस्तोवर. मला सगळे हसायचे, घोडा झाला तरी कडेवर बसतो म्हणून."

"आन् म्हणून तुला खांदा ठाऊक?"

"मंग? डोकं कुठी टेकत होतो मी?"

नाहिदनं न विचारता उजवा खांदा वर घेतला आणि डावा खाली केला. दोघांनी पाहिलं. मग तिनं पुन्हा पहिल्यासारखं केलं. दोघांनी तेही पाहिलं. बबलूची मान एका बाजूला कलली होती, कडेवरचं पोर खांद्याला टेकतं तशी. ती कुठल्या बाजूला कलली आहे ते पुंजारामाला दिसत होतं, पण तो तसं म्हणाला नाही.

"पुन्हा डावा कर बरं, माय," तो म्हणाला.

तिनं केला.

"आता उजवा," बबलू म्हणाला.

तिनं तोही केला. मग घड्याळाकडं बघून हळूच विचारलं, "जालनावाले संध्याकाळपर्यंतच फाईल घेतात. पाठवू का?"

"थांब जरा," दोघंही एकदमच म्हणाले.